किट: एका विमानाच्या दोन जोडण्या

मिग-२१ची प्लॅस्टिकची प्रतिकृती जोडायला घेतली की सुरुवातीलाच एक खबरदारी घ्यावी लागते: नाकात वजन भरायचे. ते विसरले, तर सारे जोडकाम आणि रंगकाम आटोपल्यावर विमान तीन चाकांवर उभे राहत नाही. नाक वर करून शेपटीवर बसते. तोवर नाक चिकटवून बंद झालेले असते आणि चूक दुरुस्त होत नाही. सानगडीत या वजनासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मासे धरायच्या फेकजाळ्याच्या काठाला ज्या शिशाच्या गोळ्या ओवतात, त्यांतल्या तीन मी मागून आणल्या, हातोडीने थोड्या चपट्या केल्या आणि विमानाच्या नाकातल्या शंकूच्या पोटात बसवल्या. गावाच्या तलावात बुडायच्या गोळ्या एका रशियन लढाऊ विमानाचा तोल सांभाळू लागल्या.

साकोलीहून आत आले की लागणारे आमचे हे गाव. एक जुना किल्ला, एक तलाव आणि भोवती धानाची शेते. इथे कुणी प्रौढ माणूस चार महिने रोज संध्याकाळी टेबलाशी बसून खेळण्यातले विमान जोडतो, याचे लोकांना नवल वाटणे साहजिक आहे. ‘हे तुम्ही बनवलं का?’ असे कुणी विचारले की मी अडखळतो. बनवले म्हणावे, तर यातला एकही भाग मी घडवलेला नाही. नुसते जोडले म्हणावे, तर चार महिने कशात गेले, हे सांगता येत नाही. बनवणे आणि जोडणे यांच्यामधल्या या अडचणीच्या जागेचाच विचार मी इथे करणार आहे. कारण माझ्या टेबलावरचे विमान ज्याची प्रतिकृती आहे, ते खरे विमानही आपल्या महाराष्ट्रात पहिल्यांदा किट म्हणूनच आले होते. नाशिकजवळच्या ओझरला ते जोडले गेले, पुढे बनवले गेले, आणि ‘हे तुम्ही बनवलं का?’ हा प्रश्न त्यालाही साठ वर्षे चिकटून राहिला.

आधी लहान किटचा इतिहास पाहू. हा छंद मुलांचा समजला जातो. पण त्याचा पाळणा युद्धाने हलवला. ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग’ या नाममुद्रेखाली ‘पेंग्विन’ मालिका निघाली. सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान करायचे, ही कल्पना तिथे प्रथम बाजारात आली. मालिकेचे नाव पेंग्विन, कारण हा न उडणारा पक्षी! प्रमाण होते एकास बहात्तर. हा आकडा आज विचित्र वाटतो. पण फूट-इंचांच्या हिशेबात तो सरळ आहे: खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना आणि नागरिकांना द्यावे लागले. त्यासाठी याच प्रमाणातल्या प्रतिकृती लागत. अमेरिकेच्या नौदलाने १९४२च्या आरंभी शाळकरी मुलांकडून अशा पाच लाख लाकडी प्रतिकृती करून घेण्याची मोहीम काढली. त्या काळ्या रंगवायच्या, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते तशी नुसती आकृती डोळ्यांत भरते. तेव्हा प्रतिकृती ही शोभेची वस्तू नव्हती. तिच्याकडे पाहणाऱ्याने कुणावर गोळी झाडायची, हे तिच्यावरून ठरत असे.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आले आणि साच्यात ओतलेले भाग स्वस्त झाले. ब्रिटनमधली ‘एअरफिक्स’ ही कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने काढली होती. १९४९ साली तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती जाहिरातीसाठी करून दिली, १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचे किट काढले आणि १९५३ साली स्पिटफायर विमानाचे. पुढच्या दोन दशकांत लाखो मुलांनी आपल्या वडिलांच्या पिढीचे युद्ध जेवणाच्या टेबलावर पुन्हा जोडले.

या इतिहासात एक वळण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. फ्रॉगची मालक असलेली लाइन्स ब्रदर्स ही कंपनी १९७१ साली बुडाली आणि १९७०च्या दशकाच्या मध्यास फ्रॉगचे उत्पादन थांबले. तिचे बरेच पोलादी साचे सोव्हिएत रशियाला गेले आणि तिथल्या कारखान्यांतून तीच विमाने ‘नोव्हो’ या नावाने बाहेर पडू लागली. ब्रिटिश साचा, रशियन प्लॅस्टिक, नवे खोके. साचा ज्याच्या हाती, त्याला उत्पादन करता येते. पण त्या साच्यातल्या पंखाची जाडी अमुकच का ठेवली, हे साच्यावर कोरलेले नसते. हे वाक्य पुढे ओझरच्या संदर्भात पुन्हा लागेल.

आता मोठे किट. १९६२च्या ऑगस्टमध्ये भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात मिग-२१चा करार झाला. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळाले होते आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान आपल्याला हवे होते. पाश्चात्त्य देश विमान विकायला फार उत्सुक नव्हते, उत्पादनाचा परवाना द्यायला तर नव्हतेच. रशियाने दोन्ही देऊ केले. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ साली नाशिक मतदारसंघातून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. १९६३च्या ऑगस्टमध्ये मिगच्या उत्पादनासाठी ‘एरोनॉटिक्स इंडिया’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी तिचे जुन्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विलीनीकरण होऊन ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’ उभी राहिली. कामाची वाटणी झाली ती अशी: विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. ओझरचे नाव नक्की होण्यात चव्हाणांचा वाटा किती, याबद्दल नाशिककडची माणसे मोठ्या अभिमानाने बोलतात. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या त्या मुलखात धावपट्टी झाली, वसाहत झाली, शाळा झाल्या आणि रशियन बोलणारी पाहुणे मंडळी दिसू लागली.

ओझरला बनवायचे ठरले ते मिग-२१ एफएल. वायुदलात त्याला ‘टाइप ७७’ म्हणत. उत्पादनाची रीत टप्प्याटप्प्याची होती आणि किट जोडणाऱ्याला ती ओळखीची वाटेल. पहिल्या टप्प्यात रशियाहून खोक्यांतून आलेले मोठमोठे तयार भाग इथे जोडायचे. दुसऱ्यात लहान जोडभाग आणून ते मोठे करायचे. तिसऱ्यात सुटे भाग आणायचे. शेवटी नुसता पत्रा, सळया आणि ओतीव धातू आणून सारे इथेच घडवायचे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ओझरची पहिली जोडलेली विमाने वायुदलात गेली आणि १९७०च्या सुमारास कच्च्या मालापासून घडवलेले विमान बाहेर पडले. एफएलनंतर १९७०च्या दशकात मिग-२१ एम आणि शेवटी मिग-२१ बिस. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे उत्पादन थांबले, तोवर भारताकडे या जातीची आठशेहून अधिक विमाने येऊन गेली होती आणि त्यांतली बहुसंख्य भारतात बांधलेली होती.

याला नुसती ‘जोडणी’ म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. ज्याने कधी काही जोडले नाही, तोच असे म्हणेल. किटमधले भाग कागदावर जसे जुळतात तसे हातात जुळत नाहीत. माझ्या प्रतिकृतीत पंख धडाला मिळतो तिथे केसाएवढी फट राहिली. सूचनापत्रकात त्या फटीचा उल्लेख नव्हता. ती लांबी भरून बुजवायची, वाळू द्यायची, पाण्यात बुडवलेल्या पॉलिश कागदाने घासायची, मग राखाडी अस्तर मारून उजेडात तिरपे धरायचे. अस्तर चहाडखोर असते. डोळ्यांना न दिसलेली प्रत्येक चीर ते दाखवते. मग पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. घासताना पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेषा पुसल्या जातात, त्या सुईने पुन्हा ओढायच्या. हे चार वेळा झाले. म्हणजे जोडणीतले खरे शिक्षण जिथे भाग जुळत नाहीत तिथे होते. जे सहज जुळले, त्याने मला काहीच शिकवले नाही.

ओझरच्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी हेच पण हजारपट मोठ्या जोखमीने केले. आराखडे रशियन, प्रक्रियेची कागदपत्रे रशियन, मानके रशियन. आणि ज्या उद्योगाने ती अमलात आणायची तो इंच आणि ब्रिटिश मानकांवर वाढलेला. कागद भाषांतरित करता येतो, पण हाताची सवय भाषांतरित होत नाही. धान लावणाऱ्या किंवा द्राक्षे छाटणाऱ्या घरांतली मुले तंत्रनिकेतनांतून शिकून रिव्हेटच्या ओळी अशा मारू लागली, की ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या हवेने त्या सोलून काढू नयेत. ही कमाई लहान नव्हती. शेजारी वायुदलाची दुरुस्ती-शाळा उभी राहिली आणि देशभरातल्या अशा देखभालीचा कारभार पाहणारे मुख्यालय आमच्या नागपुरात आले. एका किटभोवती कुशल हातांची अख्खी परंपरा महाराष्ट्रात वाढली.

तरीही प्रश्न उरतो. ‘कसे करायचे’ हे परवान्याबरोबर मिळते. ‘तसेच का’ हे मिळत नाही. १९५६ साली जर्मन अभियंता कुर्ट टांक बंगळूरला आला आणि भारतीय चमूबरोबर त्याने एचएफ-२४ ‘मरुत’ या लढाऊ विमानाची आखणी केली. तिथे प्रवास उलट्या दिशेने झाला. आधी कागद, मग लाकूड: पूर्ण आकाराचे एक लाकडी ग्लायडर बांधून १९५९ साली डाकोटा विमानाच्या मागे दोराने ओढून आकाशात नेले आणि तिथून सोडून त्याचे गुण-दोष तपासले. मूळ विमान जन्माला येण्याआधी त्याची प्रतिकृती उडाली! पुढे १७ जून १९६१ रोजी खरे मरुत उडाले. पण त्याला हव्या त्या ताकदीचे इंजिन कधीच मिळाले नाही. दोन इंजिने असूनही ते आखलेल्या वेगाला पोचले नाही आणि दीडशेच्या आतच त्याचे उत्पादन थांबले. मिगच्या बाजूला तयार किट होते, तयार इंजिन होते, मित्रदेशाची खात्री होती. मरुतच्या बाजूला होते ते ‘का’ या प्रश्नाचे स्वतः शोधलेले उत्तर. युद्धाच्या छायेतल्या देशाने किट निवडले याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण मरुतची माणसे पांगली, आखणीची सलगता तुटली आणि पुन्हा स्वतःचे लढाऊ विमान उडवायला २००१ साल उजाडावे लागले, ही त्या निवडीची किंमत होती. किटची किंमत खोक्यावर छापलेली असते, ती वेगळी.

माझ्या टेबलावरचे किट चेक बनावटीचे आहे. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सात मीटरांहून थोडा अधिक. प्रतिकृतीचा पंधरा सेंटिमीटर भरतो, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या पोळीएवढा. इतक्या तोकड्या पंखांवर हे यंत्र उडे, हे आकडे वाचून कळत नाही, हातात धरून कळते. खोक्यात ‘पीएफ’ प्रकार आहे. आपला एफएल हा त्याचाच निर्यातीसाठीचा भाऊ, त्यामुळे काही फेरफार करून भारतीय विमान साधते. एक फेरफार मात्र मी मुद्दाम केला: पोटाखाली तोफेची डबी लावली. एफएलच्या आखणीत तोफ नव्हतीच. क्षेपणास्त्रांच्या युगात तोफेची गरज उरली नाही, अशी तेव्हाची समजूत होती. १९६५च्या युद्धाचा अनुभव वेगळे सांगत होता, म्हणून पुढे भारतीय एफएलच्या पोटाखाली २३ मिलिमीटरची तोफ असलेली डबी बसवली गेली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर ४७व्या स्क्वाड्रनच्या एफएलने पाकिस्तानी स्टारफायटर पाडले ते या तोफेने. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, मिग-२१ विमानांनी ढाक्यात गव्हर्नरच्या निवासावर रॉकेटे डागली आणि तिथल्या सरकारचा धीर सुटला. सूचनापत्रकात नसलेला भाग वापरणाऱ्याने जोडला, ‘का’ विचारून जोडला आणि तो कामी आला. माझ्या मते या विमानाच्या भारतीय इतिहासातला हा सर्वांत निर्मितिशील क्षण आहे, आणि तो एका डबीएवढा आहे.

मग रंगाचा प्रश्न आला. प्रतिकृतीत रंग म्हणजे काळ. कोणत्या वर्षीचे, कोणत्या महिन्यातले विमान करायचे, हे ठरल्याशिवाय ब्रश उचलता येत नाही. कारखान्यातून एफएल बाहेर पडे ते चकचकीत, उघड्या धातूचे. १९७१चे युद्ध दिसू लागले तेव्हा अशी विमाने धावपट्टीवर आरशासारखी चमकून शत्रूला बोलावतील, हे ध्यानात आले आणि स्क्वाड्रनांनी ती घाईघाईने हिरव्या-मातकट रंगांनी माखली. प्रत्येक तळाची तऱ्हा निराळी. दोन विमाने सारखी सापडणे कठीण. त्या घाईचे रंगकाम उडाले, खरवडले आणि खालचा धातू डोकावू लागला. मी तेच करायचे ठरवले: आधी धातूचा थर, त्यावर पातळ हिरवा आणि मातकट, मग पंखांच्या कडांवर आणि जिथे यंत्रज्ञ पाय ठेवत असतील तिथे वरचा रंग हलकेच घासून खालचा दाखवायचा. पावसाळ्यात हे काम आमच्याकडे कठीण. धानाच्या दिवसांत हवा इतकी ओली असते, की शेवटचा मंद वॉर्निश वाळताना पांढुरका पडतो. एकदा तसा पडलाच. मग थांबलो. दिवाळीनंतर कोरडे वारे सुटले तेव्हा तिरंगी गोल आणि ‘सी’ने सुरू होणारा क्रमांक पाण्यात भिजवून, कागदावरून सरकवून चिकटवले.

शेवटी उरली ती वैमानिकाची बैठक. प्रतिकृतीकार सहसा वैमानिक बसवत नाहीत. रिकामी बैठक, तिचे पट्टे आणि पुढची यंत्रे यांवर कारागिरी नीट दाखवता येते. मीही ती रिकामीच ठेवली होती. पण मिग-२१च्या बाबतीत रिकामी बैठक निरुपद्रवी राहत नाही.

२०१२च्या मे महिन्यात संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले. ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती आणि १७१ वैमानिक, ३९ नागरिक, इतर सेवांतले ८ जण आणि एक विमान-कर्मचारी यांचा मृत्यू झाला होता. हे आकडे मिगच्या सर्व जातींचे. पण त्यांत मोठा वाटा मिग-२१चा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘उडती शवपेटी’ असे नाव दिले. मला ते नाव पटत नाही. ते सारा दोष पत्र्यावर टाकते आणि बाकीच्यांना सोडून देते. तितकाच मला ‘मानवी चूक’ हा शब्द पटत नाही. तो सारा दोष त्या बैठकीतल्या मुलावर टाकतो आणि पुन्हा बाकीच्यांना सोडून देतो. या दोन सोप्या उत्तरांच्या मध्ये एक फट आहे, आणि तिच्यावर अस्तर मारून पाहिले पाहिजे.

मिग-२१ तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीला टेकते. नवशिका वैमानिक ‘किरण’ या सौम्य प्रशिक्षण विमानावरून उतरून थेट या वेगाला सामोरा जाई. मधली पायरी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान, आपल्याकडे नव्हती. ती हवी, हे १९८२ सालीच एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीने सांगितले होते. ‘हॉक’ विमानांचा करार झाला २००४ साली आणि ती वायुदलात दाखल झाली २००८ साली. सव्वीस वर्षे! किटमधला एक सुटा भाग खोक्यात नव्हता, तो नाही हे माहीत होते, त्याचे नावही यादीत लिहून दिलेले होते. आणि तरी विमान त्याच्याविना उडवले गेले.

सप्टेंबर २००१मध्ये राजस्थानात मिग-२१च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आईवडिलांनी, कविता आणि अनिल गाडगीळ यांनी, दोष आपल्या मुलाच्या माथी मारला जाणे मान्य केले नाही. त्यांनी जाहीरपणे प्रश्न विचारले, विमान-सुरक्षिततेसाठी वर्षानुवर्षे काम केले आणि तरुणांना उड्डाणाचे शिक्षण मिळावे म्हणून पुण्यात संस्था उभी केली. एका मराठी मध्यमवर्गीय घराने ओझरला बांधल्या गेलेल्या यंत्राच्या जातीला विचारलेला हा ‘का’ होता. २००६ साली ‘रंग दे बसंती’ हा चित्रपट आला आणि मिगचे अपघात घराघरांत बोलले गेले. पण चित्रपटातला राग पडद्याबरोबर विझतो. गाडगीळ दांपत्याचे काम मला अधिक मोलाचे वाटते, कारण मुलगा गमावूनही त्यांनी विमानाकडे पाठ फिरवली नाही. जे नव्हते ते जोडायचा त्यांनी प्रयत्न केला.

आमच्या जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुधनिर्माणी आहे. जानेवारी २०२५च्या स्फोटात तिथले कामगार मृत्युमुखी पडले. शस्त्र चालवणारा जसा त्याची किंमत मोजतो, तसा ते बनवणाराही मोजतो. टेबलावरच्या प्रतिकृतीत ही किंमत कुठेच दिसत नाही. तिला वास नाही, आवाज नाही, उष्णता नाही. प्रतिकृतीवर हा आक्षेप नेहमी घेतला जातो: युद्धाची ती गोंडस, स्वच्छ, हाताएवढी आवृत्ती आहे. आक्षेप खरा आहे. त्यावर मी एवढेच म्हणेन, की जो माणूस चार महिने एका यंत्राचा प्रत्येक सांधा बोटांनी चाचपतो, त्याला ते यंत्र ‘अभिमान’ किंवा ‘शवपेटी’ अशा एका शब्दात मिटवता येत नाही. घोषणा देणाऱ्याला यंत्र एकसंध दिसते. जोडणाऱ्याला त्याच्या फटी ठाऊक असतात.

एफएल डिसेंबर २०१३मध्ये कलाईकुंडा तळावर निवृत्त झाले. उरलेली सुधारित ‘बायसन’ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाली, जिथे १९६३ साली या जातीचे पहिले भारतीय स्क्वाड्रन उभे राहिले होते. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये तयार झालेले पहिले ‘तेजस मार्क १-ए’ उडाले. ज्या गावाने किटपासून सुरुवात केली, तिथून भारतीय आखणीचे लढाऊ विमान आकाशात गेले. त्याचे इंजिन अजून अमेरिकी आहे. म्हणजे मरुतला अडवणारा प्रश्न सुटलेला नाही, फक्त थोडा मागे ढकलला आहे. पण पंखाची जाडी अमुकच का, हे विचारले तर आता उत्तर आपल्या माणसांना देता येते. आधीच्या साठ वर्षांच्या जोडणीशिवाय हे झाले असते, असे मला वाटत नाही. नुसत्या जोडणीने झाले असते, असेही वाटत नाही.

प्लॅस्टिक जोडायला जे पातळ द्रावण वापरतात, ते डिंकासारखे मध्ये बसून दोन भाग धरून ठेवत नाही. ते दोन्ही कडा विरघळवते. त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावण उडून जाते. मागे सांधा राहतो तो एकजीव. ओझरला रशियन आराखडा आणि मराठी हात यांचा सांधा असा झाला असावा: दोन्हीकडचे थोडे विरघळून, आणि मधले उडून जाऊन.

प्रतिकृती पूर्ण झाली तेव्हा मी पुन्हा खोक्यात हात घातला. चौकटीला एक भाग अजून चिकटलेला होता: पाऊण इंचाचा वैमानिक, हात मांडीवर. तो कापला, कडा घासल्या, शिरस्त्राणाला पांढरा रंग दिला आणि बैठकीत बसवला. तिथली कारागिरी त्याने बरीचशी झाकली. मग विमान टेबलावर सोडले. नाकात शिसे होते. ते तिन्ही चाकांवर नीट उभे राहिले.

आता कुणी विचारले, तर ‘जोडलं’ असेच सांगतो. पण ते सांगताना पूर्वीसारखा अडखळत नाही.